९,८०० पावलं, पण घामाचा थेंब नाही

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्मी मनगटावरच्या घड्याळाबद्दल आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांनी गुडघा, टाच, कंबर दाखवावी अशी माझी अपेक्षा. हल्ली ते आधी मोबाइलचा स्क्रीन दाखवतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरं पावलांवरच.

प्रश्न : ताई, माझं वय ६२. मुलीने वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ दिलं. पहिल्याच रात्री ९,८०० आकडा बघून मी खूश! मी वेगळं फिरायला जात नाही. घरातली कामं, दोन-तीनदा जिना, झाडांना पाणी, फोनवर बोलताना येरझाऱ्या, एवढंच. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलंय. बायको म्हणते, ‘घरातल्या घरात फिरणं म्हणजे व्यायाम नव्हे.’ मी म्हणतो, पाऊल ते पाऊल, घरातलं काय नि रस्त्यावरचं काय. तुम्हीच निवाडा करा. शिवाय कधी आम्ही बरोबर चाललो तर माझ्या घड्याळाचा आणि तिच्या पर्समधल्या मोबाइलचा आकडा कधीच जुळत नाही. खरं कोण बोलतंय?

उत्तर : नवरा-बायकोच्या वादात निवाड्याला बोलावलं की मी सहसा पाणी प्यायला उठते. पण तुमच्या भांडणात एक चांगला प्रश्न दडलाय, म्हणून बसते.

आधी ते ९,८०० जरा सोलून बघू. घड्याळाला तुमचे पाय दिसत नाहीत, त्याला फक्त हात कळतो. आत ॲक्सिलरोमीटर नावाची बारीकशी चिप असते. हाताला वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे बसणारे हिसके ती टिपत राहते. चालताना या हिसक्यांना एक ठेका असतो. तो ठेका ओळखला की घड्याळ पावलं धरायला लागतं. म्हणजे ठेक्यात हात हलला की पाय सोफ्यावर असले तरी पावलं जमा. आणि हात स्थिर राहिला, तर तुम्ही मैलभर चाललात तरी घड्याळाला नीट पत्ता लागत नाही.

तुमचं पत्र वाचून मी स्वतःच्या घड्याळावर करून बघितलं. आधी आकडा कागदावर लिहून ठेवला. मग पलंगावर मांडी घालून वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाच्या घड्या घातल्या. चादरी झटकल्या, टॉवेल झटकले. उठले तेव्हा ४६ पावलं वाढली होती आणि मी जागची हललेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सामानाची ट्रॉली ढकलत तोंडाने मोजून २०० पावलं चालले. दोन्ही हात दांड्यावर. घड्याळाने धरली ३१. म्हणजे फुकटचं देतंही आणि हक्काचं कापतंही.

घरातल्या चालण्यात आणखी एक घोळ आहे. चुकून हललेला हात पाऊल म्हणून धरला जाऊ नये, म्हणून बरीच यंत्रं सलग काही पावलं नीट पडेपर्यंत थांबतात आणि मगच मोजायला लागतात. पलंग ते कपाट, कपाट ते खिडकी अशी चार-पाच पावलांची ये-जा त्यात कधी कधी गळून जाते. त्यामुळे तुमचे ९,८०० प्रत्यक्षात ८,५०० असतील किंवा १०,५०० असतील, मी सांगू शकत नाही आणि घड्याळही सांगू शकत नाही.

दोघं मिळून एक साधी परीक्षा घ्या. मोकळ्या सपाट जागी घड्याळाचा आकडा लिहा, तोंडाने मोजत नेहमीच्या चालीने १०० पावलं चाला, थांबा, थोडा वेळ जाऊ द्या, आकडा पुन्हा बघा. ९५ ते १०५ च्या आत आला तर चालण्यापुरता त्यावर भरवसा ठेवा. मग तोच प्रयोग खिशात हात घालून करा. फरक बघून तुम्हालाच हसू येईल.

आता बायकोचा मोबाइल. पर्स खांद्यावर लोंबत असते, तिच्यात फोन आडवा-तिडवा पडलेला, पावलाचा हिसका त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मा विरतो. फोन पँटच्या खिशात किंवा कमरेशी असेल तर आकडा बराच सुधारतो. पण दोन्ही यंत्रं अगदी अचूक असली तरी तुमचे आकडे जुळणार नाहीत, आणि जुळू नयेतच. पावलाची लांबी ढोबळमानाने उंचीच्या ४१ टक्के धरतात. समजा तुमची उंची १७५ सेंटिमीटर, त्यांची १५५. तुमचं पाऊल साधारण ७२ सेंटिमीटरचं, त्यांचं ६४ च्या आतबाहेर. एक किलोमीटरला तुम्हाला सुमारे १,४०० पावलं लागतील, त्यांना १,५७५. तेवढ्याच रस्त्यात त्या जास्त पावलं टाकतायत. तेव्हा एकमेकांच्या आकड्याशी तुलना बंद. कालच्या स्वतःशी करा.

आता मुख्य मुद्दा : घरातली पावलं व्यायामात धरायची का?

मी पेशंटना दोन खाती काढायला सांगते. एक हालचालीचं, एक व्यायामाचं. पहिल्या खात्यात दिवसभरातलं प्रत्येक पाऊल जमा होतं, अगदी चष्मा शोधतानाचंसुद्धा. हे खातं हलकं समजू नका. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२. कमरेला यंत्र लावून आठवडाभर त्यांची पावलं मोजली आणि नंतर चारेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं. पावलं वाढतील तसा फायदा वाढत गेला आणि ७,५०० च्या आसपास सपाट झाला. गंमत म्हणजे एकूण पावलं हिशेबात घेतली की वेगाने फारसा फरक पडताना दिसला नाही. (आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हेही अशा आकड्यांत मिसळलेलं असतं, तेवढं मीठ टाकूनच ते घ्यावेत.)

कामातलं चालणं वाया जात नाही, हे त्याच्याही कितीतरी आधी दिसलं होतं. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास मांडला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी होतं. त्यांपैकी कुणी व्यायाम म्हणून जिने चढत नव्हतं, तिकिटं फाडायला चढत होते.

म्हणजे तुम्ही जिंकलात? अर्धे.

तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते दुसऱ्या खात्यातलं आहे. रक्तदाबासाठी, हृदयाचा आणि फुप्फुसांचा दम वाढवण्यासाठी त्यांना रोज थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त काम पडायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराच्या हालचालीची आहे. चालण्यात मध्यम जोर म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं किंवा जास्त. मिनिटभर मोजत बसायला नको. सेकंदकाट्याकडे बघत १५ सेकंदांत २५ पावलं पडतायत का, बघा. घड्याळ नसेल तर बोलून बघा. गप्पा मारता येतात पण गाणं म्हणायला गेलं तर ओळ तुटते, हा तो वेग.

हा वेग घरात का येत नाही? खोली सरळ रेषेत सात-आठ पावलांची. वेग धरेपर्यंत भिंत येते, वळताना चाल मोडते, पुन्हा सुरुवात. फोनवरच्या येरझाऱ्या तर रमतगमतच होतात. कुणी भांडणाचा फोन केला तर गोष्ट वेगळी.

ॲपमध्ये दिवसाचा तासवार आलेख असतो, तो उघडा. ९,८०० कडे बघू नका. सलग दहा मिनिटांत हजारच्या आसपास पावलं पडलीत, असा तुकडा शोधा. सापडला तर तो तुमच्या व्यायामाच्या खात्यात. मला वाटतं सापडणार नाही. रक्तदाबाच्या अर्ध्या तासाचा हिशेब सरळ आहे : ३० मिनिटं गुणिले १००, म्हणजे ३,००० पावलं, पण भरभर. आठवड्यातून पाच दिवस केलीत की १५० मिनिटं झाली. हा अर्धा तास एका दमात हवा असंही नाही. आधी किमान दहा मिनिटं सलग चालावं अशी अट होती, २०२० मध्ये तीही काढली. सकाळी १५, संध्याकाळी १५ चालेल. सुरुवातीला आठ-आठ मिनिटंही चालतील. छातीत दाटून आलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागली, तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. आकडा पुरा करायचा नाही.

जाता जाता : खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा केलीत, तर घड्याळ शून्य पावलं दाखवेल. तरी आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम त्याच शिफारशीत आहे. साठीनंतर पाय गळतात ते यानेच थांबतात, पावलांच्या संख्येने नव्हे.

आणि हो, बायकोला तिचा अर्धा विजय कळवा.

प्रश्न : मी ३४ वर्षांची. दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम. तीन महिने प्रयत्न करूनही माझी पावलं ३,१०० ते ३,४०० च्या वर जात नाहीत. ॲपमधलं १०,००० चं वर्तुळ रोज रात्री अर्धवट बघून इतकं वाईट वाटायचं की शेवटी घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं. माझ्याच्याने हे होणार नाही का?

उत्तर : ज्या आकड्यापुढे तुम्ही हरलात, तो कुठून आला माहीत आहे? १९६५ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, एका जपानी घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपो-केई’. ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ म्हणजे पाऊल, ‘केई’ म्हणजे मापक. यंत्राचं नावच दहा हजार, म्हणून लक्ष्यही दहा हजार. आकडा गोल, लक्षात राहणारा, जगभर पसरला. कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून ‘याच्या खाली आलात तर नापास’ असं काही ठरलेलं नव्हतं.

मला तसलं यंत्र शिकत असताना मिळालं होतं, बरंच नंतरच्या काळातलं. काड्यापेटीएवढं, कमरपट्ट्याला अडकवायचं. बिघडल्यावर मी ते उघडलं. आत केसासारख्या स्प्रिंगवर तोललेली एक इवलीशी दांडी. पाऊल टाकलं की दांडी खाली आपटते, टिक, एक पाऊल. बास, एवढंच. ती दांडी बघितल्यापासून मला पावलांच्या आकड्याची भीती वाटेनाशी झाली.

तुम्ही ड्रॉवर उघडा. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त घालून फिरा. सात दिवसांची सरासरी काढा. समजा ३,२०० आली. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन लक्ष्य १०,००० चं काढून ४,००० करा. हे बदलता येतं, बहुतेकांना माहीतच नसतं! दोन आठवडे ते जमलं की ४,८००. मग ५,५००. आठशे पावलं म्हणजे सात-आठ मिनिटं. जेवणानंतर बसायच्या आधीची शतपावली पाच-सहा वेळा घातली तरी निम्म्याहून जास्त काम होतं.

उगाच धीर देत नाहीये. २००७ मध्ये अशा यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र वापरणाऱ्यांची चाल दिवसाला दोन ते अडीच हजार पावलांनी वाढलेली दिसली, आणि कसलं तरी लक्ष्य ठरवणं हे त्यातलं महत्त्वाचं कारण निघालं. ते लक्ष्य दहा हजारच हवं असं नव्हतं. शिवाय वरच्या उत्तरातला वयस्कर स्त्रियांचा अभ्यास आठवा : सगळ्यात मोठी उडी तळाकडे आहे, २,७०० वरून ४,४०० वर जाताना. तुम्ही नेमक्या तिथेच उभ्या आहात. ९,००० वरून १०,००० करणाऱ्यापेक्षा तुमच्या हजार पावलांना जास्त भाव आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात पावलांची स्पर्धा चालू आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक जण मीटिंगमध्ये टेबलाखाली हात हलवत बसतो आणि रोज पहिला येतो. याला काही इलाज?

उत्तर : आहे. त्याला जिन्याने तीन मजले चढायला लावा आणि वर पोचल्यावर मीटिंगचा अहवाल वाचायला सांगा. स्पर्धा घेणाऱ्यांनाही एक सूचना : एकूण पावलांऐवजी प्रत्येकाची स्वतःच्या पहिल्या आठवड्यापेक्षा किती वाढ झाली, ते मोजा. हात हलवणारा दुसऱ्या आठवड्यात दमतो.

प्रश्न : माझ्या आजीचं वय ८१. ती वॉकर धरून दिवसातून चार-पाच वेळा व्हरांड्यात फेऱ्या मारते. हौसेने तिला घड्याळ बांधलं, तर दिवसअखेर ६० पावलं! ती हिरमुसली. आता म्हणते, ‘मोजतच नाही तर चालू कशाला?’

उत्तर : आजीची चूक नाही, तुमच्या हौसेची आहे. वॉकर धरला की हात हलत नाहीत आणि चाल अगदी सावकाश असते. हिसके इतके मऊ की यंत्राला ते चालणं वाटतच नाही. घोट्यावर बांधून बघा. पायाची हालचाल थेट मिळाल्याने पुष्कळदा मोजलं जातं. पण मी आजीला पावलं मोजायला लावणारच नाही. भिंतीवर कागद चिकटवा, प्रत्येक फेरीला तिलाच पेन्सिलने एक रेघ ओढू दे. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. रेघ ओढायला थांबणं, एका हाताने आधार घेऊन दुसरा उचलणं, यात तोल सांभाळण्याचा सराव आपोआप होतो. त्या वयात मला पावलांपेक्षा त्याची काळजी जास्त असते. सुरुवातीला जवळ कुणी तरी उभं राहा.

प्रश्न : मी २९ वर्षांचा. ११३ दिवस झाले, एकही दिवस १२,००० च्या खाली गेलो नाही. रात्री पावणेबाराला ११,२०० दिसले तर खोलीत गोल गोल फिरतो. गेले तीन आठवडे सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवलं की उजवी टाच सुरीने कापल्यासारखी दुखते, पाच-दहा मिनिटांनी कमी होते. साखळी तुटेल म्हणून थांबवत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझाच जुना चेहरा दिसला. पट्ट्याचं घड्याळ घेतलं त्या वर्षी मी ४,५०० वरून एकाच आठवड्यात ११,००० वर उडी मारली. दिवसभर लोकांना ‘हळूहळू वाढवा’ सांगायचं आणि रात्री स्वतः पलंगाभोवती प्रदक्षिणा. घरातले झोपलेले, म्हणून अनवाणी, टाईल्सवर. एकदा ११ वाजून ५८ मिनिटांनी ७० पावलं कमी होती तर उभ्या जागी हात झुलवून पुरी केली. दात घासताना आरशात ते ध्यान दिसलं. सहाव्या आठवड्यात टाच गेली. मलाच उपचार घ्यायला सहकाऱ्याच्या टेबलावर आडवं व्हावं लागलं, आणि त्याने तोंडातून अवाक्षरही काढलं नाही, हे जास्त लागलं.

तुमचं वर्णन प्लांटर फॅसायटिसचं वाटतं. टाचेपासून बोटांच्या मुळाशी जाणारी तळव्याची जाड पट्टी असते, ती ताणाने दुखावते. रात्रभर ती आखडते, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. तिला भार अचानक वाढलेला आवडत नाही. कडक फरशीवर अनवाणी फिरणं तर मुळीच नाही, आणि खोलीतल्या छोट्या गोलात सतत एकाच बाजूला वळलात तर दोन्ही पायांवर भारही सारखा पडत नाही.

साखळी आज तोडा. उद्या नको. दोन आठवडे पावलं निम्म्यावर आणा. पलंगावरून उतरायच्या आधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून तळवा दहापर्यंत मोजत ताणा, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून, दोन्ही. घरातही मऊ तळाची चप्पल घाला. चालण्याचे बूट हातात घेऊन मधोमध वाकवून बघा. बोटांच्या जागी वाकण्याऐवजी मधूनच घडी पडत असेल तर ते बदला.

घड्याळ मी रविवारी चार्जिंगला लावून ठेवते आणि तशीच फिरायला जाते. पहिल्या रविवारी रिकाम्या मनगटाकडे किती वेळा बघितलं त्याची गणती नाही. मोजायला घड्याळच नव्हतं. तुम्ही आठवड्यातला कुठलाही वार निवडा. दोन-तीन आठवड्यांत टाचेला काहीच उतार पडला नाही, किंवा दिवसाही लंगडायला व्हायला लागलं, तर जवळच्या हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जाताना वापरातले बूट बरोबर न्या, तळ कुठे झिजलाय ते आम्हाला बघायचं असतं.